हीटर घेण्यापूर्वी दाराखालची फट पाहा

कार्तिक वद्यात संत ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचा सोहळा पार पडला, की आळंदीत थंडीचा अंमल सुरू होतो. इंद्रायणीकाठची पहाट बोचरी होते. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. चाकण, भोसरीच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार, अभियांत्रिकीचे आणि कीर्तन-पखवाज शिकणारे विद्यार्थी यांपैकी अनेक जण येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. या खोल्यांची बांधणी उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून झालेली असते. दाराखाली बोटभर फट, न्हाणीघराला काचपट्ट्यांची खिडकी आणि सरकत्या खिडक्यांच्या चौकटींतून येणारा वारा हे तेथील नेहमीचे चित्र. अशा घरात हीटर आणला, तरी ऊब टिकत नाही. वीजबिल मात्र वाढते. म्हणून निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, तर खोलीत करावी.

ऊब जाते कोठे?

१० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ही हवा १० अंशांनी तापविण्यास जेमतेम ०.१ युनिट वीज पुरते. परंतु फटींमुळे ती तासाला चार वेळा बदलत असेल, तर दर तासाला सुमारे ०.४ युनिट उष्णता बाहेर जाते. म्हणजे ८०० वॉटच्या हीटरची निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते. उरलेल्या उष्णतेतील मोठा वाटा थंड भिंती आणि वरचा स्लॅब ओढून घेतात.

फटी शोधण्यासाठी पंखा बंद करून पेटती उदबत्ती दार-खिडक्यांच्या कडेने फिरवावी. जेथे धूर हलतो, तेथे वारा आहे. दाराखाली गुंडाळलेली जुनी चादर, खिडकीच्या कडांना फोमची चिकटपट्टी आणि जाड पडदा हे उपाय स्वस्त आहेत, घर सोडताना काढून घेता येतात आणि घरमालकाचीही हरकत नसते. मात्र त्याच खोलीत गॅसची शेगडी असेल, तर हवेला एक वाट मोकळी ठेवावी.

कोणता हीटर कशासाठी?

प्रत्येक विजेचा हीटर घेतलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेत बदलतो. त्यामुळे १००० वॉटचा कोणताही हीटर तासाला एक युनिट वीज घेतो आणि तेवढीच ऊब देतो. ‘कमी विजेत जास्त ऊब’ या जाहिरातीवर भुलू नये. फरक असतो तो ऊब कोठे पोहोचते याचा.

क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर उन्हासारखी थेट समोरच्या माणसाला ऊब देतो. ४०० आणि ८०० वॉटची दोन बटणे असलेला हीटर वारा लागणाऱ्या खोलीत अभ्यासाला किंवा रात्रपाळीहून आल्यावर तासभर बसण्यास पुरतो. तो स्वस्त आणि हलका असतो. तोंड फिरविले, की ऊब संपते. त्याची लाल नळी उघडी आणि अत्यंत तप्त असते, हे विसरू नये.

फॅन हीटर अर्थात ब्लोअर हवा झपाट्याने तापवितो. फटी असलेल्या खोलीत हीच हवा लगेच बाहेर पडते, शिवाय त्याचा आवाजही होतो. लहान, बंद होणाऱ्या खोलीसाठी तो ठीक.

तेलाचा रेडिएटर सावकाश तापतो, आवाज करीत नाही आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊबदार राहतो. आतले तेल जळत नाही, ते पुन्हा भरावे लागत नाही. लहान मुले वा वृद्ध असलेल्या घरात तो अधिक सोयीचा. मात्र तो महाग आणि जड असतो आणि फटी बुजविल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही.

रात्रभराच्या झोपेसाठी खोलीपेक्षा अंथरूण तापविणे शहाणपणाचे. गोधडी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी यांची बरोबरी कोणताही हीटर खर्चात करू शकत नाही.

वायरिंग आणि बिल

घराघरांतील छोट्या पिनचे सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला त्याची मर्यादा १३८० वॉट होते. २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो; त्याला १६ अँपिअरचे, मोठ्या पिनचे सॉकेट हवे. जोडपिन लावून तो छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला जोडणे म्हणजे आगीला निमंत्रण. खोलीत मोठे सॉकेट नसेल, तर ८०० ते १००० वॉटवर थांबावे किंवा घरमालकाशी बोलून परवानाधारक वायरमनकडून जाड तारेचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्यावा. गिझर आणि हीटर एकाच वेळी लावू नयेत. एमसीबी पडत असेल, तर मोठ्या क्षमतेची एमसीबी बसविणे हा उपाय नव्हे. तो इशारा आहे. अर्ध्या तासाने हीटर बंद करून प्लग हाताने चाचपावा. तो गरम लागला, तर जोडणी सैल आहे.

८०० वॉटचा हीटर रोज दोन तास चालविल्यास महिन्याला ४८ युनिट होतात. २००० वॉटचा रोज तीन तास चालविल्यास १८०. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर वाढतो, म्हणून हा फरक बिलात अधिकच जाणवतो. सबमीटरवर राहणाऱ्यांनी घरमालकाला द्यावयाचा दर आधीच विचारून घ्यावा.

जिवाची काळजी

खरेदी करताना आयएसआय चिन्ह, थर्मोस्टॅट, तीन पिनचा प्लग आणि उलटल्यास आपोआप बंद होण्याची सोय पाहावी. पडदा, गादी व कपडे हीटरपासून किमान तीन फूट दूर ठेवावेत; त्यावर कपडे वाळवू नयेत. झोपण्यापूर्वी हीटर बंद करावा. विजेचा हीटर ‘ऑक्सिजन खातो’ हा समज चुकीचा आहे. हवा तापल्याने ती कोरडी भासते, इतकेच.

कोळशाच्या शेगडीची गोष्ट वेगळी. बंद खोलीत तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो जागेही करीत नाही. हीटर परवडत नसेल, तर आणखी एक गोधडी घ्यावी. शेगडी मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवावी.