सपाट पडदा, रिझोल्यूशन आणि देवनागरी अक्षर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होते. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. दप्तराची लिपी बदलली की ते वाचू शकणारा वर्गही बदलतो, हा मराठवाड्याचा अनुभव आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे तपासली, तेव्हा जुन्या नोंदीतील एकेका शब्दाचे मोल सर्वांच्या लक्षात आले.

आता नोंद वहीतून पडद्यावर आली आहे. एटीएम, सेवाकेंद्रातील स्पर्शपटल, शिधावाटप दुकानातील ई-पॉस यंत्र ही सारी सपाट पडद्याला अंगभूत संगणक जोडलेली साधने होत. अशा पडद्यावर अक्षर फाटलेले, ताणलेले किंवा कापलेले दिसले, तर दोष नेमका कोठे शोधावा? हा दोष बहुधा एखाद्या सुट्या भागाचा नसून वेगवेगळ्या काळात ठरलेल्या मानकांच्या विसंगतीचा असतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

नळीच्या पडद्याचा वारसा

आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकात रंगीत पडद्यासाठी एका अक्षराला आठ बाय आठ बिंदूंचा चौकोन दिलेला होता. रोमन अक्षराला तेवढी जागा पुरते. देवनागरीला मात्र शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांसाठी, मध्ये मूळ अक्षरासाठी आणि खाली उकारासाठी असे तीन थर लागतात. ‘मूर्ती’ हा एकच शब्द तिन्ही थर व्यापतो. त्यामुळे भारतीय लिपीसाठी वेगळी योजना करणे भाग पडले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले हे कार्य पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले आणि तेथील ‘जिस्ट’ कार्डामुळे डॉसवर चालणाऱ्या संगणकांवर भारतीय लिप्या दिसू लागल्या.

१९८७ मध्ये व्हीजीए मानक आले व ६४० बाय ४८० हे प्रमाण रूढ झाले. काचेच्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत ओळी रेखाटीत असे. ओळींची संख्या बदलली तरी तोच पडदा बऱ्याच अंशी जुळवून घेई. म्हणून रिझोल्यूशन ही केवळ आवडीनिवडीची बाब वाटत असे.

सपाट पडद्याची मर्यादा

द्रवस्फटिक पडद्यावरील बिंदू कारखान्यातच कायमचे ठरतात. १०२४ बाय ७६८ बिंदूंच्या पडद्यावर ६४० बाय ४८० चे चित्र पाठविल्यास ते १.६ पट वाढवावे लागते. म्हणजे मूळच्या प्रत्येक पाच बिंदूंचे आठ करावे लागतात. साध्या पद्धतीने वाढविल्यास पाचांपैकी तीन बिंदू दुप्पट होतात व दोन तसेच राहतात. एकाच ओळीत एक काना जाड व दुसरा बारीक दिसतो, त्याचे कारण हेच. कडा मऊ करून वाढविल्यास एका बिंदूचा अनुस्वार पुसट होतो आणि ‘शिंदे’ व ‘शिदे’ यांतील भेद संपतो. उलटपक्षी, १०२४ बाय ७६८ साठी आखलेली चौकट ८०० बाय ६०० च्या पडद्यावर उघडल्यास तळाचे ‘मान्य’ किंवा ‘रद्द’ हे बटणच दिसेनासे होते. अशा वेळी अंगठा देणाऱ्या नागरिकाला नकाराचा पर्यायच दिसत नाही.

पडद्याने आपली ओळख संगणकास सांगावी, यासाठी व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ईडीआयडी ही पद्धत आणली. सुट्या मॉनिटरमध्ये ती सर्वत्र रुळली. अंगभूत पडदा मात्र अनेकदा थेट आतील तारेने जोडलेला असतो व अशी ओळख देत नाही. ती माहिती बायोसमध्ये आधीच भरून ठेवावी लागते. बोर्डावरील छोटी बॅटरी संपली व मांडणी मूळपदावर गेली, तर चालू स्थितीतील यंत्रही अचानक चुकीचे चित्र दाखवू लागते.

दोषनिवारणाचा क्रम

या इतिहासातून तपासणीचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. प्रथम पडद्याच्या मागील क्रमांकावरून त्याची मूळ बिंदूसंख्या निश्चित करावी. नंतर बायोसमधील पडद्याची निवड तिच्याशी जुळते का, हे पाहावे. त्यापुढे चित्रनियंत्रक चालक-प्रणाली तपासावी. ती नसेल तर संगणक सर्वसाधारण व्हीजीए पद्धतीवर येतो व नेमके रिझोल्यूशन यादीतच दिसत नाही. हे सर्व जुळल्यावरच अक्षरसंचाकडे वळावे. विंडोज २००० सोबत आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड अक्षरसंच वर-खालच्या चिन्हांसाठी रोमनपेक्षा अधिक उंची घेतो. रोमनच्या मापाने आखलेल्या रकान्यात त्याचे उकार कापले जातात. हा दोष पडद्याचा नसून आज्ञावलीच्या आराखड्याचा आहे. प्रत्यक्षात मात्र हा क्रम उलटा होतो. आधी अक्षरसंच बदलला जातो आणि मूळ विसंगती तशीच राहते.

समारोप

भारतीय भाषांसाठी बंगळूर येथे विकसित झालेल्या ‘सिम्प्युटर’चा पडदा ३२० बाय २४० बिंदूंचाच होता. तरीही तो प्रयत्न महत्त्वाचा ठरतो. कारण तेथे वाचणाऱ्याची भाषा आराखड्याच्या आरंभीच विचारात घेतली होती. आज पडदे कितीतरी सूक्ष्म झाले आहेत, परंतु बिंदू वाढल्याने विसंगती आपोआप मिटत नाही. हसनाबादसारख्या गावात बसविण्याच्या यंत्राची स्वीकृती-चाचणी इंग्रजी मजकुरावर न करता रफार, अनुस्वार, उकार व जोडाक्षरे असलेल्या मराठी नावांच्या यादीवर व्हावी. ती यादी पडद्यावर बिनचूक वाचता आली, तरच ते यंत्र दप्तर म्हणून विश्वासार्ह ठरते.