वास्तू उभी राहण्यापूर्वी

इमारत पुरी झाली म्हणजे लोक तिच्या मालकाचे नाव घेतात, क्वचित गवंड्याच्या हाताची वाखाणणीही करतात. परंतु पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वी कागदावर जे घडलेले असते, त्याची आठवण फारशी कोणास राहत नाही. बांधणाऱ्याच्या मनातील अस्पष्ट इच्छेला निश्चित आकार देणे, हे वास्तुशिल्पज्ञाचे खरे काम होय. हे काम कसकसे वाढत गेले, ते पाहावयास हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची एक आख्यायिका आहे. हैदराबाद दरबारातील इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यास नवी हवेली व बाग यांसाठी मुसी नदीकाठची जागा हवी होती. त्याने जागेचा भला मोठा नकाशा काढवून निजाम अली खानापुढे मांडला. निजामाने साफ नकार दिला. मागाहून उलगडा झाला तो असा, की निजामाच्या राज्याचे जे नकाशे त्याला दाखविण्यात येत, तेवढाच मोठा हा कागद होता. तेव्हा इंग्रज आपले राज्यच मागतो आहे की काय, असे त्यास वाटले! कर्कपॅट्रिकने तोच नकाशा एका लहानशा पत्त्यावर काढवून पुन्हा सादर केला आणि मागणी तत्काळ मान्य झाली. गोष्टीत तिखटमीठ असेल. पण तिच्यातील मर्म खरे आहे. नकाशा काढणारा आणि नकाशा पाहणारा यांची भाषा एक नसते. ती एक करणे, ही वास्तुशिल्पज्ञाची पहिली सेवा. या हवेलीचे काम १८०३ च्या सुमारास सुरू झाले. तिची आखणी मद्रासच्या इंजिनियर पथकातील सॅम्युएल रसेल याने केली. कर्कपॅट्रिक मात्र १८०५ मध्येच वारला. आपले घर पुरे झालेले त्यास पाहावयास मिळाले नाही.

त्याच सुमारास, १८०६ मध्ये, हुसेनसागराच्या उत्तरेस असलेल्या इंग्रजी छावणीस निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. छावणीतील बांधकामाची रीत अगदी निराळी होती. बराकी, कोठारे, इस्पितळे ही लष्करी इंजिनियरांनी ठरीव नमुन्यावर उभारावयाची. तेथे मालक म्हणजे सरकार, आखणारा सरकारी नोकर आणि राहणारा शिपाई. त्या शिपायास काय हवे, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. काम नेटके होई, टिकाऊ होई; पण मालक आणि आखणारा यांच्यात जो संवाद घडावयास हवा, त्यास त्या व्यवस्थेत जागा नव्हती.

१९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला आणि हैदराबादचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. शहर पुन्हा रेखण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा नुसत्या इंजिनियराने भागेना. १९१४ मध्ये व्हिन्सेंट एश हा इंग्रज वास्तुशिल्पज्ञ निजामाच्या सेवेत आला. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकाच्या कामावर त्याचा अनुभव पक्का झाला होता. काचीगुडा स्थानक, उच्च न्यायालय, उस्मानिया इस्पितळ या इमारतींशी त्याचे नाव निगडित आहे.

परंतु या सर्व कथेतील सर्वांत बोधप्रद अध्याय आहे तो उस्मानिया विद्यापीठाचा. १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले; उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. वर्ग मात्र कित्येक वर्षे शहरातील भाड्याच्या इमारतींतून भरत. घाई करून काहीतरी उभारावे, असा मोह कोणासही झाला असता. राज्यकर्त्यांनी तो आवरला. नगररचनेचे पंडित पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेऊन सिकंदराबादच्या दक्षिणेस अडिकमेटची विस्तीर्ण, खडकाळ जागा पसंत करण्यात आली. पुढे नवाब झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोघांना परदेशी पाठविण्यात आले. यूरोप, अमेरिका, जपान, तुर्कस्थान, मिसर येथील विद्यापीठे त्यांनी डोळ्यांखालून घातली. कैरो येथे त्यांची गाठ अर्न्स्ट जास्पार या बेल्जियन वास्तुशिल्पज्ञाशी पडली. कैरोनजीकच्या हेलिओपोलिस या नव्या नगरातील १९१० मध्ये उघडलेले प्रचंड हॉटेल त्याचीच कृती होती.

जास्पारने हैदराबादेस येऊन प्रथम दख्खन पाहिली. वेरूळ आणि अजिंठ्याचे स्तंभ, बीदर आणि गोवळकोंड्याच्या कमानी यांचा अभ्यास झाला आणि मगच आराखडे सिद्ध झाले. ५ जुलै १९३४ रोजी कला महाविद्यालयाची कोनशिला बसली. ४ डिसेंबर १९३९ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. जास्पार तोवर परत गेलेला होता. झैन यार जंग यांच्या देखरेखीखाली येथील पाथरवटांनी गुलाबी ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात ती नक्षी उतरविली. जागेची निवड एकाची, कल्पना दुसऱ्याची, देखरेख तिसऱ्याची आणि हात अनेकांचे. तरी वास्तू एकसंध दिसते. हे योजकतेचे फळ होय.

आज एखादे लहान घर बांधावयाचे झाले, तरी पायऱ्या याच असतात. आधी कुटुंबाच्या गरजा समजून घ्यावयाच्या आणि जागा पारखावयाची. नंतर कच्चा आराखडा, अंदाजपत्रक, नगरपालिकेची मंजुरी, तपशीलवार नकाशे, निविदांची छाननी आणि अखेर कामावर देखरेख. वास्तुशिल्पज्ञ हा मालकाचा सल्लागार. पण मालक व कंत्राटदार यांच्यात तंटा पडला असता त्यास न्यायानेच बोलावे लागते. म्हणूनच त्याने कंत्राटदाराकडून दलाली घेऊ नये, हा या व्यवसायाचा दंडक आहे. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये संघ स्थापिला. १९२९ मध्ये त्यासच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे रूप आले आणि १९७२ च्या कायद्याने या व्यवसायास नोंदणीचे बंधन घातले.

तथापि या सेवेलाही एक मर्यादा आहे आणि तीही उस्मानियाच्याच इतिहासात दिसते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तेथील मुलेही या विद्यापीठात शिकत. ज्यांच्या मुलखातील लेण्यांवरून स्तंभ घडविले जात होते, त्यांच्या मायबोलीला मात्र तेथे शिक्षणाच्या माध्यमाचे स्थान नव्हते. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढच्याच वर्षी ती भव्य कमान उघडली. तिच्याखालून जाण्याचा ज्यांचा हक्क होता, त्यांतील कित्येक तेथे नव्हते.

दार किती उंच असावे, हे वास्तुशिल्पज्ञ सांगू शकतो. ते कोणासाठी उघडावे, हे मालकानेच ठरवावयाचे असते. पुढे राज्य बदलले, मालकही बदलला. गुलाबी दगडाची ती वास्तू मात्र तशीच उभी आहे आणि आता तिच्या कमानीखालून जाणाऱ्यास कोणते गीत गातोस, असे कोणी विचारीत नाही.