दुर्बीण काढली, पुन्हा बसवली. नेम तोच राहील?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चष्मा पुसायला काढला आणि पुन्हा नाकावर ठेवला, तर काही बिघडत नाही. रायफलीवरची दुर्बीण काढून पुन्हा बसवली, तर मात्र बरेच बिघडू शकते. दुर्बीण ज्या पट्टीवर बसते तिचे दोन पाय दहा सेंटिमीटर अंतरावर आहेत असे धरा. त्यातला एक पाय केसाच्या जाडीएवढा, म्हणजे सुमारे एक दशांश मिलिमीटर सरकला, तर ३०० मीटरवर नेम ३० सेंटिमीटरने चुकतो.

मग दुर्बीण काढायचीच कशाला? हा प्रश्न आधी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शिकाऱ्यांपुढे आला. हाक्यात जनावर अचानक जवळ आले की दुर्बिणीत ते सापडत नाही. तिथे साधी माशीच कामाची. म्हणून तिथल्या कारागिरांनी दुर्बिणीच्या पायांना आकडे केले. ते रायफलीवरच्या खाचांत अडकवायचे आणि खटक्याने पक्के करायचे. प्रत्येक आकडा हाताने, कानस चालवून, त्याच रायफलीसाठी जुळवलेला असे.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जर्मनांनी या शिकारी रायफली गोळा करून खंदकांत पाठवल्या. ब्रिटिशांची तयारी तोकडी होती. हेस्केथ-प्रिचर्ड हा शिकारी आणि हॅम्पशायरचा वेगवान गोलंदाज १९१५ मध्ये आघाडीवर गेला, तेव्हा त्याला दिसले की सैनिकांच्या हाती दुर्बिणी आहेत, पण अनेकींचा नेमच जुळलेला नाही आणि तो जुळवायला कोणी शिकवलेलेही नाही. शिवाय वरून काडतुसे भरता यावीत म्हणून दुर्बीण डाव्या बाजूला बसवलेली. पोलादी पत्र्याच्या अरुंद भोकातून नळी बाहेर काढली की दुर्बिणीसमोर पत्राच येई! पुढे त्याने फ्रान्समध्ये नेमबाजांसाठी शाळा काढली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हा धडा लक्षात ठेवला. अचूक ठरलेल्या ली-एनफिल्ड रायफली निवडून, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कारखान्याने वीस हजारांहून अधिक रायफलींवर दुर्बिणीची बैठक बसवली. ती दोन मोठ्या स्क्रूंनी, नुसत्या बोटांनी काढता येई. प्रवासात दुर्बीण पत्र्याच्या पेटीत राही. महत्त्वाचे म्हणजे रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या पट्टीवर आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे. ही जोडी फोडायची नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकनांच्या एम-१-सी रायफलीची दुर्बीणही अशीच बाजूला, खटक्यांनी निघणारी होती.

एवढी काळजी का? शिकारी एखादी गोळी झाडून नेम तपासू शकतो. शत्रूसमोर दडलेल्या सैनिकाला ती सोय नाही. तपासणीची गोळी त्याचाच ठावठिकाणा सांगते. पेटीतून काढलेली दुर्बीण पहिल्याच वेळी जागेवर बसली पाहिजे.

१९९५ मध्ये अमेरिकी सैन्याने खाचांच्या पट्टीचे एकच माप ठरवले. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रशाळेचे नाव तिला मिळाले. आता कोणतीही दुर्बीण कोणत्याही पट्टीवर चढते. पण चढणे वेगळे आणि जुळणे वेगळे. आजही जाणता नेमबाज दुर्बीण नेहमी त्याच खाचेत बसवतो, पुढे सारून मगच खटका आवळतो आणि संधी मिळताच एक गोळी झाडून खात्री करून घेतो. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण तो तपासून.