नोंद करणे आणि नोंद पुसणे

डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणून दप्तरात नोंदले गेले. १९६१ मध्ये तो अंमल संपला. दप्तरातील नोंदी मात्र आपोआप पुसल्या गेल्या नाहीत.

कचेरीतील नव्या संगणकाची कथाही याहून निराळी नाही. पूर्वी तंत्रज्ञास प्रत्येक यंत्रापाशी बसून, तबकड्या घालून ते सिद्ध करावे लागे. १९८५ मधील ‘बूटपी’ पद्धतीने यंत्रास जाळ्यावरून आपला पत्ता मागता येऊ लागला; १९९३ मध्ये ‘डीएचसीपी’ने पत्तेवाटप अधिक सुलभ केले. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ऑटोपायलट’ आणले. यात यंत्राची ओळख आधीच यादीत असते. पेडण्यातील कारकुनाने खोके उघडून जाळ्याशी जोडणी केली व आपले नाव आणि परवलीचा शब्द दिला, की पणजीच्या कचेरीने ठरविलेले नियम व आज्ञावल्या आपोआप उतरतात. तंत्रज्ञाची खेप वाचते.

परंतु यंत्र विकताना यादीतील नाव काढावयाचे राहिले, तर ते नव्या धन्याच्या घरीही जुन्या कचेरीचीच ओळख मागत बसते. नोंद करणे यंत्रास साधले आहे. ती वेळीच पुसण्याचे भान माणसानेच ठेवावयाचे आहे.