हीट शॉक प्रथिने आणि विषाणूंवरील पेप्टाइड लसी

‘हीट शॉक’ हे या प्रथिनांचे नाव उष्माघातावरून किंवा वाफारा घेण्यावरून आलेले नाही. फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत कोणीतरी उबवण यंत्राचे तापमान वाढवून ठेवले आणि फळमाशीच्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे या घटनेतून सापडलेल्या प्रथिनांना हेच नाव चिकटले. ताणामुळे पेशीतील इतर प्रथिनांची घडी विस्कटू लागली की ही प्रथिने ती सावरतात.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. विषाणूचा असा तुकडा प्रयोगशाळेत बनवता येतो आणि त्यात विषाणू नसल्याने लसीतून रोग होण्याची भीती नसते. पण नुसता तुकडा टोचला तर तो शरीरात लवकर मोडतो आणि प्रतिकारयंत्रणा त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून त्याच्यासोबत हीट शॉक प्रथिन पाठवायचे, नवरीबरोबर पाठराखीण जाते तसे. ही जोडी काही प्रतिकारपेशींवरील सीडी९१ या ग्राहीला चिकटून आत जाते. मग पेशी तो तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी त्याची ओळख पटवून घेतात. पेशीत लपलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंडे पोहोचत नाहीत; तिथे टी पेशीच लागतात.

या संशोधनाचा एक धागा आपल्या हैदराबादेत आहे. प्रमोद श्रीवास्तव यांनी पीएचडी इथल्या सीसीएमबीत केली आणि पुढे अमेरिकेत जीपी९६ या हीट शॉक प्रथिनावर काम केले. त्यांचा रोख कर्करोगावर होता, पण तीच युक्ती विषाणूंनाही लावता येते. १९९८ मध्ये एचएसपी७० ला विषाणूचे पेप्टाइड जोडून टोचलेल्या उंदरांना त्या विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले.

माणसांवर तपासलेले ठळक उदाहरण हर्पव्ही या लसीचे. हर्पीस सिम्प्लेक्स-२ ची लागण आधीच झालेल्यांसाठी ती होती. माणसागणिक पेशी वेगवेगळे तुकडे मांडतात, म्हणून तिच्यात एक नव्हे, ३२ पेप्टाइडे घातली होती. टी पेशी जाग्या झाल्या, विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाणही काहीसे घटले. तरी लस बाजारात आली नाही. शिवाय हीट शॉक प्रथिने स्वतःच प्रतिकारशक्ती चेतवतात, असे सांगणारे काही जुने निष्कर्ष नमुन्यातील जिवाणूंच्या विषाच्या भेसळीमुळे आले होते, हेही नंतर कळले. आमच्या मते कल्पना भक्कम आहे, पुरावा अजून अपुरा आहे.

हर्पव्हीत क्यूएस-२१ हे झाडाच्या सालीतून काढलेले सहायक द्रव्यही होते. नागिणीवरच्या शिंग्रिक्स लसीत तेच आहे आणि ही लस भारतात मिळते. मात्र ती हीट शॉक लस नव्हे. तिच्यात विषाणूचे एक प्रथिन असते. घरातल्या ज्येष्ठांसाठी चौकशी करताना ही गल्लत करू नये.