आवाजाचे स्त्रीकरण : ट्रान्स स्त्रियांसाठी शस्त्रक्रियेचे पर्याय

आवाजाचे स्त्रीकरण म्हणजे ट्रान्स स्त्रीचे बोलणे ऐकणाऱ्याला बाईचे वाटावे यासाठी घेतलेले आवाजाचे प्रशिक्षण आणि गरज पडल्यास स्वरयंत्रावर केलेली शस्त्रक्रिया. बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, बाईचे १८० ते २२० वेळा. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू लांब व जाड होतात, कंठमणी पुढे येतो, आणि हा बदल परत फिरत नाही. नंतर इस्ट्रोजेन घेतले तर त्वचा मऊ होते, छाती वाढते. आवाज मात्र होता तसाच राहतो. आवाज बारीक होईल या आशेने मनानेच गोळ्या वाढवणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवे, कारण जादा मात्रेने आवाज तर बदलत नाहीच, उलट रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

मराठीत ही अडचण जास्त बोचते. ‘मी येते’, ‘मी सांगितलं होतं ना, मी गेले होते’ असे बोलताना क्रियापदच बाईपण सांगते आणि ऐकणारा आवाजाकडे बोट दाखवतो. समोरासमोर साडी, केस, वावर यांचा आधार असतो. फोनवर तोही नसतो. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा फोन आला की पलीकडून ‘सर’ ऐकू येते.

पण आवाज म्हणजे केवळ कंपनांची संख्या नव्हे. घसा आणि तोंडाच्या पोकळीत तो कसा घुमतो, वाक्यात कसा चढतो-उतरतो, शब्दांवर जोर कुठे पडतो, यावरूनही कान स्त्री-पुरुष ठरवतो. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांनी मराठी प्रेक्षकांना भारून टाकले ते लकबीच्या आणि उच्चाराच्या बळावरही. स्वरयंत्र पुरुषाचेच होते. म्हणून स्पीच थेरपी ही पहिली पायरी मानतात. गुणगुणणे, स्ट्रॉमधून स्वर सोडणे, आवाज छातीतून वर आणून ओठांशी खेळवणे, मग शब्द, वाक्ये आणि शेवटी रोजचे संभाषण, असा हा सराव महिनोन् महिने चालतो. कित्येकींना तेवढाच पुरतो. दिवसभर आवाज सांभाळून घसा थकत असेल, खोकताना-हसताना जुना आवाज फुटत असेल आणि तेच असह्य होत असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा.

आज सर्वाधिक पसंती आहे ती बर्लिनचे युर्गेन वेंडलर यांनी १९९०च्या सुमारास पुढे आणलेल्या ग्लॉटोप्लास्टीला. पूर्ण भूल देऊन, तोंडावाटे नळी घालून, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या सुमारे एक-तृतीयांश भागावरचा पापुद्रा काढतात आणि तो भाग एकमेकांना शिवून टाकतात. सतारीची तार पडद्यावर दाबली की कंप पावणारा भाग आखूड होऊन स्वर चढतो, तसेच हे. गळ्यावर व्रण राहत नाही. बहुतेक प्रकाशित अभ्यासांत सरासरी वाढ ५० ते ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या जास्त कंपनांच्या, घरात दिसते. नंतर एक-दोन आठवडे पूर्ण मौन पाळावे लागते, आणि आवाज स्थिरावायला तीन ते सहा महिने जातात. टाके सुटणे, घोगरेपणा, स्वरांचा पल्ला कमी होणे हे धोके आहेत. सगळ्यात खात्रीचा तोटा म्हणजे आवाजाचा जोर घटतो.

हा तोटा रुग्णालयात अनेकदा ओझरता सांगितला जातो. खरे तर निर्णय त्यावरच बेतायला हवा. बाजारात, रेल्वेत किंवा बधाईला (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे मागायला) फिरून जगणाऱ्या बाईचे पोट खणखणीत आवाजावर चालते. लावणी किंवा भजन गाणारीचेही तसेच. किती हर्ट्झ वाढतील याआधी ‘तू दिवसभर आवाजाने काय काम करतेस?’ हे तिला विचारले गेले पाहिजे.

जपानचे नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ साली स्वरयंत्राच्या कूर्चांवरील शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यातल्या चौथ्यात गळ्यावर छेद घेऊन पुढच्या दोन कूर्चा टाक्यांनी जवळ ओढतात, त्यामुळे स्वरतंतू ताणले जातात. स्वर लगेच चढतो, पण काही काळाने बऱ्याच जणींत उतरतो. शिवाय चढ-उतार करणारा स्नायू अडकून पडल्याने आवाज एकसुरी वाटू शकतो. म्हणून हा पर्याय मागे पडत चालला आहे.  लेझरने स्वरतंतू पातळ करण्याची पद्धत एकटीने थोडाच फरक पाडते. कूर्चेचा पुढचा भाग काढून स्वरयंत्रच लहान करण्याची खुली शस्त्रक्रिया घुमारा बदलू शकते, मात्र ती मोठी, जोखमीची आणि जगात मोजक्याच ठिकाणी होणारी आहे. कंठमणी घासून लहान करणे हे दिसण्यापुरते. त्याने आवाज बदलत नाही, आणि हात चुकून स्वरतंतूंच्या जोडापर्यंत गेला तर आवाज आणखी जाडा होतो.

मोठ्या शहरांपासून दूरच्या हिंगोली जिल्ह्यातल्या, समजा सेनगाव किंवा कळमनुरीच्या बाईसाठी हिशेब वेगळा पडतो. जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२४ साली. आवाजाच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेले विभाग पुण्या-मुंबईत आहेत. एकदा जाऊन शस्त्रक्रिया करून येणे जमवता येते. अवघड असतो तो नंतरचा काळ : मौनाचे दिवस काढायला निवांत जागा, तपासणीच्या फेऱ्या, बुडालेली कमाई आणि महिनोन् महिने थेरपी. थेरपी व्हिडिओ कॉलवर घेता येते, आणि ती आधीच सुरू करून थेरपिस्ट पक्का केल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. तंबाखू, गुटखा, विडी आणि जुनाट आम्लपित्त जखम नीट भरू देत नाहीत, त्यांचा बंदोबस्तही आधीच व्हायला हवा.

खर्चाबाबत २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने लिंगबदल शस्त्रक्रिया व हार्मोन उपचारांसह वैद्यकीय सोयींची आणि विमा संरक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांच्या संरक्षणाचा करार झाला. त्यासाठी लागणारे ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. स्वरयंत्राची नेमकी कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसेल, हे रुग्णालयाकडून भरती होण्याआधी लेखी घ्यावे.

इतर मोठ्या शस्त्रक्रिया करायच्या असतील तर आवाजाची सगळ्यात शेवटी ठेवावी. ग्लॉटोप्लास्टीनंतर श्वासमार्ग पुढच्या बाजूने अरुंद झालेला असतो. पुढे कधीही, अगदी अपेंडिक्ससाठीही, भूल द्यायची वेळ आली तर लहान मापाची नळी वापरावी लागते, नाहीतर शिवलेला भाग फाटू शकतो. शस्त्रक्रियेचा कागद कायम जवळ बाळगावा आणि भूलतज्ज्ञाला तो आधी दाखवावा.