गॅस डिटेक्टर चुकीचं रीडिंग देतोय? आधी ऑक्सिजनचा आकडा बघा

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावात, एका मांजराला वाचवायला उतरलेल्या पाच जणांचा जीव गेला. जुन्या विहिरीत शेण साठवलेलं होतं, आणि तिचा वापर बायोगॅसच्या खड्ड्यासारखा होत होता. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला.

अशा खड्ड्यात डिटेक्टर सोडला तरी त्याचा आकडा नीट वाचता यायला हवा. नेहमी दिसणाऱ्या चार गडबडी सांगतो.

१. चालू करताच अलार्म वाजतो
सेन्सर गरम व्हायला वेळ लागतो, तेवढं थांबा. घरातले साधे डिटेक्टर सॅनिटायझर आणि बॉडी स्प्रेच्या वासानेही वाजतात. पण घरात एलपीजीचा वास येत असेल तर 'खोटा अलार्म' समजू नका. बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा.

२. मोकळ्या हवेत शून्य येत नाही, किंवा उणे आकडा येतो
बहुतेक वेळा गॅस असलेल्या जागीच 'झिरो' केलेलं असतं. असं मशीन पुढे प्रत्येक रीडिंग कमी दाखवतं. गोठा आणि जनरेटरपासून लांब जाऊन पुन्हा झिरो करा. तिथे ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला पाहिजे.

३. गॅस आहे, तरी शून्य दाखवतो
सगळ्यात धोकादायक गडबड हीच. अनेक डिटेक्टरमधला सेन्सर मिथेनचा अंश जाळून मोजमाप करतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. तो साधारण १० टक्क्यांच्या खाली गेला, की मिथेन भरपूर असूनही आकडा कमी येतो. म्हणून मी आधी ऑक्सिजन बघतो, मग मिथेन. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बाकीचे आकडे कितीही चांगले दिसोत, आत जायचं नाही. सिलिकॉन स्प्रेमुळेही हा सेन्सर निकामी होतो, आणि स्क्रीनवर शून्यच दिसत राहतं. त्यामुळे वापरण्याआधी टेस्ट गॅस सोडून अलार्म वाजतो का ते बघा.

४. आकडा सारखा बदलतो
पंपाच्या नळीत पाणी गेलंय का, फिल्टर चोंदलाय का, ते तपासा. दोन्ही ठीक असेल तर बदल खराही असू शकतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तर हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड जड. म्हणून नळी वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून रीडिंग घ्या.

मोबाइल अ‍ॅपने चालेल का?
नाही. आपल्या नेहमीच्या फोनमध्ये गॅस सेन्सर नसतोच. नाकावरही विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की त्याचा वास येणंच बंद होतं.

रीडिंगबद्दल शंका असेल तर जागा धोक्याची समजा. कुणी आत पडलं असेल तर मागोमाग उतरू नका. वरून दोर टाका आणि फोन ११२ लावायला वापरा.